चौथी डाय

सकाळी ताईच्या हातांबद्दल काही विचारायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता. उठल्यावर ती गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसायची आणि बोटं जराशी वळू लागली की मगच चहाचा कप उचलायची. त्याआधी कुणी "आज कसे आहेत हात?" म्हणालं, तर म्हणायची, "त्यांनाच विचार. माझं ऐकत नाहीत ते."

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी अजून चड्डीत शाळेत जात होतो, आणि वडील हयात असूनही घरात नसल्यासारखेच होते. मला वाढवलं ते ताईने. तिचं लग्न आधी माझ्यामुळे लांबलं, मग वडिलांच्या आजारपणामुळे, आणि नंतर विचारणारेच थांबले. मी आयटीआय करून ओझरच्या विमानाच्या कारखान्यात टूलरूममध्ये लागलो, माझं लग्न झालं, आणि पंचवटीतल्या आमच्या तीन खोल्यांत ताईची एक खोली कायमची झाली. त्या खोलीत ती कार्डं करायची.

नव्वदच्या आसपास सुरुवात झाली असेल. मखमलाबादेकडच्या मळेकऱ्यांकडून ती गळालेली, विकायला न चालणारी फुलं आणायची, जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांत दाबून वाळवायची आणि हातकागदावर चिकटवायची. कागद चिंध्यांच्या लगद्याचा, जाड, खरखरीत. त्यातून ती कात्रीने पानं कापायची, कोयऱ्या कापायची, आणि त्यांच्यामध्ये एखादी शेवंतीची पाकळी ठेवायची. दिवाळीची कार्डं, बारशाची, थोडी लग्नाचीसुद्धा. मेन रोडवरचा एक दुकानदार ती ठेवून घ्यायचा. पण दुकानातल्या कार्डांपेक्षा तिचा जीव घरच्या कार्डांत. दरवर्षी दिवाळीला नात्यागोत्यात प्रत्येकाला तिच्या हातचं एक कार्ड जायचंच. ज्यांनी तिला लग्नाच्या बाजारात "सावळी आहे" म्हणून नाकारलं होतं, त्यांच्याही घरी जायचं. मी चिडायचो. ती म्हणायची, "अरे, कार्ड जातंय म्हणजे मी आहे, एवढं तरी कळतं ना लोकांना."

मग हात गेले. आधी बोटांचे सांधे सुजले, नंतर मनगटं. डॉक्टर म्हणाले संधिवात, रक्तातला. औषधं दिली आणि कात्री बंद करायला सांगितली. रिक्षात बसल्यावर ताई म्हणाली, "कात्री बंद म्हणजे मी बंद." तिने हे रडून नाही, हिशेब सांगावा तसं सांगितलं, म्हणून मला जास्त लागलं.

मी टूलरूमचा माणूस. जगात कापता येत नाही असं काही नाही, फक्त नीट डाय पाहिजे, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. डाय म्हणजे ज्या आकारात कापायचं त्या आकाराची पोलादी धार. ती कागदावर ठेवून दाब दिला की आकार सुटून येतो. दाब द्यायला मशीन लागतं. मी ताईला म्हटलं, "हातात जोर नाही ना? जोर मशीन लावेल. तू फक्त सांग काय कापायचं." ती म्हणाली, "आणि मशीनला जोर कोण लावणार?" हे घोडं पुढे वर्षभर अडून बसलं.

पहिल्यांदा मी तिला भद्रकालीत मिठाईचे खोके करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे नेलं. त्याच्याकडे बिडाचं हातप्रेस होतं. वरचा दांडा गरकन फिरवला की खाली दणका. एका दणक्यात पुठ्ठ्याचा अख्खा खोका कापून यायचा. मी तर हरखून गेलो, तिथल्या तिथे जागेची मापं घ्यायला लागलो. ताईने दांड्यावर हात ठेवला, हलवून पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हे तुला हवंय. मला नाही." खालच्या भाडेकरूंच्या छताचाही प्रश्न होताच, पण तो तिने घरी पोचल्यावर काढला.

मग सातपूरला एकाकडे दांडा खाली दाबायचं मशीन पाहिलं, लिंबू पिळायच्या यंत्रासारखं. त्यात बोटांचं काम नव्हतं, तळहाताने दाबायचं. मला वाटलं, हेच. ताईने दाबलं, कोयरी सुटून आली, तिने हसून दाखवलंसुद्धा. रात्री तिचं मनगट पुरीसारखं फुगलेलं बायकोने पाहिलं आणि मला सांगितलं. दोन दिवस मी ताईशी बोललो नाही. दुखत होतं तर तिथेच सांगायचं ना! ती म्हणाली, "तू एवढा खूश होतास."

शेवटचं मशीन मुंबईत मिळालं. हस्तकलेचं सामान विकणाऱ्या एका दुकानात परदेशातून आलेली लहान मशीनं मांडून ठेवली होती. दोन रूळ, बाजूला हँडल. खाली पाटी, त्यावर कागद, कागदावर डाय, वर दुसरी पाटी, आणि हे सगळं थर करून रुळांत सरकवायचं. हँडल फिरवलं की उसाच्या चरकात ऊस जावा तसं एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. आवाज नाही, दणका नाही. दाब रुळांचा, माणसाने फक्त फिरवायचं. अशी तीन होती, दिसायला सारखीच.

मी खिशातून फीलर गेज काढला आणि रुळांमधली फट दोन्ही टोकांना मोजली. एका मशीनची फट एका बाजूला जास्त निघाली. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याच्या मुलीचे दात मोजतोय. उरलेल्या दोन्हींत त्याने आपला गुळगुळीत कागद घालून फटाफट फुलं कापून दाखवली. ताई शांतपणे म्हणाली, "आता माझा घाला." पिशवीतून तिने आपला चिंध्यांचा कागद काढला. पहिल्या मशीनमधून तो अर्धाच कापला जाऊन आला, कडेला दोरे लोंबत. दुसऱ्यातून पान स्वच्छ सुटलं. ताईने ते दिव्यासमोर धरून कड पाहिली, मग मला दिलं. मी विचारलं, "हात?" ती म्हणाली, "फिरवायला जड नाही. धरायला बारीक आहे." हँडलची मूठ पेन्सिलीएवढी होती, तिची बोटं तेवढी मिटतच नव्हती. मी म्हटलं, "ती माझ्यावर सोड."

मशीनबरोबर चार डाया निवडून घ्यायच्या होत्या. ताईने पान घेतलं, कोयरी घेतली, एक लहानसं फूल घेतलं. चौथीपाशी ती रेंगाळली. मोर घेऊ की पणती, असं तिचं चाललं होतं. तिथे मी नाक खुपसलं. मी कोपऱ्याची डाय उचलली. कार्डाचा टोकदार कोपरा तिरका, सफाईने उडवणारी. टूलरूममध्ये आम्ही कुठलाही कोपरा धारदार ठेवत नाही, हात कापतो. शिवाय तिच्या कार्डांचे कोपरे टपालात नेहमी मुडपायचे. "मोर काय दोन दिवसांची हौस," मी म्हणालो, "हे रोज कामाला येईल." ताईने मोर खाली ठेवला.

घरी आल्यावर मी कणकेचा गोळा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "मिटेल तेवढी मूठ मिट, जोर करू नकोस." तिने मिटली. त्या गोळ्यात तिच्या बोटांचे चार खळगे उमटले, करंगळीचा जेमतेम. त्यावरून मी शिसवीची मूठ तयार केली, खळग्यांसकट, आणि हँडलवर बसवली. ताईने ती धरली आणि फिरवली. एक पान सुटून आलं. तिने ते माझ्या शर्टाच्या खिशात घातलं आणि डोळे पुसायला आत गेली. माझ्या आयुष्यात मी बरीच हत्यारं केली, तितकं नेमकं कुठलंच झालं नाही.

त्या वर्षीची दिवाळीची कार्डं मशीनवर झाली. कापताना वाळलेली फुलं रुळांत चुरडायची, म्हणून तिने फुलं वगळली. पांढरा कागद, त्यात कापलेली तीन पानं, बस्. कोपरे चारही कापायचे असं माझं म्हणणं, पण एका कोपऱ्याला हँडलचा एक फेरा, आणि फेऱ्याफेऱ्याला तिचा हात थकायचा. तिने एकच कोपरा कापला. "एकच छान दिसतो," म्हणाली. मलाही बरा वाटला.

यातलं एक कार्ड लासलगावला आत्याकडे गेलं. ही आत्या म्हणजे वडिलांची चुलत बहीण. तरुणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही, गावाबाहेर वस्तीवर एकटी राहायची. जमीन पुतण्याकडे, तिच्याकडे चार वाफे कांदा आणि एक शेळी. आई गेल्यावर वर्षभर आमच्याकडे येऊन राहिली होती, आणि ताईला स्वयंपाक तिनेच शिकवला होता. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून ताई तिच्या कार्डावर काही लिहायचीच नाही, नुसती फुलं. पाकीटही नाही, कारण फोडताना आतलं फाटेल अशी आत्याला भीती. जाड उघडं कार्ड, मागे पत्ता आणि तिकीट. आत्या ती सगळी कार्डं देवापाशी ठेवायची.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. माझी सुट्टी होती. मी गॅलरीतून पाहिलं तर आत्या, आणि तिला दोन्हीकडून धरून वस्तीवरच्या दोन बायका. आत्या छाती पिटत होती. "माझी सोन्यासारखी पोर गं! मला म्हातारीला ठेवून कशी गेलीस गं!" शेजारपाजारची दारं उघडली. ताई आत मशीनवर बसली होती. ती उठून दारात आली आणि घाबरून म्हणाली, "आत्या! काय झालं? कोण गेलं?"

आत्या जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. ताईकडे बघत राहिली. मग उठून तिने ताईला एक रट्टा दिला, आणि लगेच तिचं तोंड कुरवाळत सुटली. "जिती हायेस व्हय गं सटवे! मग कोपरा कशाला कापलास?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोपरा कापलेलं कार्ड म्हणजे मयताचं. आमच्या लहानपणी सगळ्यांना ठाऊक होतं. असं कार्ड घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेर वाचतात आणि वाचून झालं की तिथेच फाडून टाकतात. शहरात फोन आले, पेपरात निधनवार्ता आल्या, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ हे पार विसरून गेलो होतो. आत्या कशी विसरेल? तिला वाचता येत नव्हतं, कोपरा तेवढा वाचता येत होता. दरवर्षी फुलं असतात, यंदा नाहीत. पांढराफटक कागद आणि कोपरा उडालेला. ताई आजारी आहे हे तिला माहीत होतंच. पोस्टमनला विचारावं, तर तो कार्ड देऊन निघूनही गेला होता. कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवलेला, एसटी अडकून पडलेली, तर ही बाई उतरून पुढच्या फाट्यापर्यंत रडत चालत आली होती.

मी तिला टपालात कोपरे कसे मुडपतात ते समजावून सांगायला गेलो. ती म्हणाली, "इमानं करतोस ना रं तिकडं? आन् येवढं कळंना तुला?" त्यावर ताई जी हसायला लागली, ती थांबेचना. वस्तीवरच्या बायकाही हसल्या. चहा झाला, चिवडा झाला. माझी मात्र मान वर होत नव्हती.

सगळे गेल्यावर ताई म्हणाली, "चांगलं वाटलं रे."

"काय चांगलं वाटलं?"

"माझ्यासाठी असं कुणी गल्लीभर रडेल, असं मला वाटलं नव्हतं."

मला संताप आला. मी म्हणालो, "आणि मी कोण आहे मग?" ती म्हणाली, "तू रडणार नाहीस. तू मशीनला तेल घालत बसशील." ते खोटं नव्हतं.

मी कोपऱ्याची डाय फेकून द्यायला निघालो होतो. ताईने देऊ दिली नाही. आत्याचं आणि तिचं त्या दिवशीच ठरलं होतं: कोपरा कापायचा, पण कापून झाल्यावर वर एक खरं फूल चिकटवायचं. आत्याच्याच शब्दांत, "फूल दिसलं म्हंजी पोरगी हाय." पुढच्या दिवाळ्यांना आत्याचं कार्ड तसंच गेलं. बाकी कुणाच्याही कार्डाचा कोपरा ताईने पुन्हा कापला नाही. हात आणखी वाकडे होत गेले. कार्डं कमी होत गेली, पण शिसवीची मूठ तिला शेवटपर्यंत धरता आली. शेवटच्या वर्षी तिने कार्डं केली ती मोजकीच, आणि सगळ्यात आधी केलं ते आत्याचं.

ताई गेली ती पितृपक्षात. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, फुप्फुसात उतरला म्हणाले, आणि मी घरून तिची चादर घेऊन परत जाईपर्यंत संपलं होतं. मी रडलो नाही. ती म्हणाली होती तसंच झालं.

ज्यांच्याकडे फोन होते त्यांना फोन केले. आत्याकडे फोन नव्हता, आणि घर सोडून मला निघता येत नव्हतं. मी ताईच्या खोलीत गेलो. तिचा पांढरा कागद कापून ठेवलेला होता. पोस्टाचं साधं कार्ड घ्यायला माझा हात होईना. जिला दरवर्षी ताईच्या कागदावर कार्ड गेलं, तिला हेही त्याच कागदावर जाऊ दे, असं वाटलं. त्यावर मी चार ओळी लिहिल्या. मग कोपऱ्याची डाय ठेवली, पाट्या लावल्या आणि हँडल धरलं. माझी बोटं त्या खळग्यांत बसेनात. खळगे ताईच्या मुठीचे होते. मी उलटीसुलटी धरून पाहिली, मग तळहाताने ढकलत एक फेरा पुरा केला. यावेळी कोपरा बरोबर कापला होता.

आत्या दहाव्याला आली नाही. तेराव्यालाही नाही. मला राग आला. खोट्या मरणाला गल्ली डोक्यावर घेतली आणि खऱ्याला फिरकली नाही, असं मी बायकोला बोलूनही दाखवलं. आता लासलगावला पाय ठेवायचा नाही, असंही ठरवून टाकलं.

दिवाळीच्या तोंडावर ती आली. एकटीच, काठी टेकत, हातात करंज्यांचा डबा. न रडता जिना चढली. बायकोने पाणी दिलं ते प्यायली. ताईच्या खोलीकडे तिने पाहिलं नाही, मशीनकडे पाहिलं नाही, ताई कुठे आहे असंही विचारलं नाही. भिंतीवर ताईचा फोटो अजून लावलेला नव्हता. तो लावायला मला वेळ झाला नव्हता, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

बऱ्याच वेळाने तिने पिशवीतून कार्ड काढलं. हळद-कुंकवाचा डाग पडलेला.

"यंदा फूल नव्हतं," ती म्हणाली.

"हो, आत्या."

"देवापाशी ठेवलं व्हतं."

मयताचं कार्ड कुणी देवापाशी ठेवत नाही, हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं.

"कुणाकडनं वाचून नाय घेतलं म्या. मास्तर रोज वस्तीवरनं जायाचा, त्याला बी नाय दिलं. वाचलं की फाडावं लागतं. न वाचलेलं कोन फाडतंय?" ती कार्डावरून अंगठा फिरवत राहिली. "दिवाळीपातूर येईल तिचं फुलाचं कार्ड, म्हनून थांबले व्हते. मग म्हनलं, आपनच जावं."

ते फुलाचं कार्ड ताईच्या टेबलावर तयार पडलं होतं. सगळ्यात आधी केलेलं. ते टपालात टाकायचं माझ्याच्याने झालं नव्हतं. मी उठून ते आणलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. शेवंतीच्या दोन पाकळ्या होत्या. आत्याने त्या बघितल्या, त्यांना हात न लावता कार्ड पदरात गुंडाळलं, आणि दुसरं माझ्यासमोर धरलं.

"आता वाच," ती म्हणाली.

आम्ही उंबऱ्याबाहेर गेलो. मी जिन्याच्या पायरीवर उभा राहून माझंच अक्षर वाचलं. चारच ओळी होत्या. दुसऱ्या ओळीला माझा आवाज गेला, आणि ताईने सांगितलेलं खोटं ठरलं. मी त्या जिन्यात गल्लीला ऐकू जाईल एवढा रडलो. आत्या थांबून राहिली. म्हणाली, "सगळं वाच." मी सगळं वाचलं.

मग तिने कार्ड घेतलं आणि फाडायला गेली. चिंध्यांचा कागद, जाड. तिच्या म्हाताऱ्या हातांना तो फाटेना. तिने दोनदा ओढून पाहिला. शेवटी एक बाजू तिने धरली, एक मी धरली.